बाइंडिंग कोणतं करायचं, हे पहिलं पान लावतानाच ठरवा

‘प्रिंट काढून झाल्या, आता बाइंडिंग कोणतं करू?’ असं विचारत लोक माझ्या टेबलाशी येतात, तेव्हा निम्मे पर्याय हातातून गेलेले असतात. डावा समास अपुरा सोडलेला असतो, तक्ते चुकीच्या दिशेला आडवे छापलेले असतात, पानांची संख्या चारच्या पटीत बसत नसते. बाइंडिंग शेवटी होतं खरं, पण त्याचा निर्णय पहिल्या पानाचा लेआउट लावतानाच झाला पाहिजे. मी एका तांत्रिक सल्लागार कंपनीच्या दस्तऐवज विभागात काम करते. अहवाल, टेंडर, करारनामे, यंत्रांची मॅन्युअलं, ऑडिटचे खंड, असं सगळं माझ्या हाताखालून जातं. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे: बाइंडिंग शोभेसाठी निवडू नये. ते ज्याच्या हातात पडणार आहे, तो माणूस त्याचं काय करणार, ते बघून निवडावं.

म्हणून कोणी विचारायला आलं की मीच उलट प्रश्न सुरू करते. वाचणारा टेबलाशी बसून वाचणार की यंत्रासमोर उभा राहून? त्याचे दोन्ही हात मोकळे असणार का? यातली पानं सहा महिन्यांनी बदलणार आहेत का? कोणी एखादं पान गुपचूप काढून दुसरं घातलं तर बिघडेल का? ते कपाटात उभं राहणार की बॅगेत फिरणार? कोणी ते स्कॅन करणार आहे का? आणि किती वर्षं टिकायला हवं? एवढ्याची उत्तरं मिळाली की बाइंडिंग जवळजवळ आपोआप ठरतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती फार कमी जणांच्या लक्षात येते. एकाच अहवालाच्या सगळ्या प्रतींना एकच बाइंडिंग हवं, असा कुठेही नियम नाही. बैठकीत सदस्यांच्या हातात जाणाऱ्या प्रतींना वायरो (दुहेरी तारेचं बाइंडिंग), दप्तरात कायम राहणाऱ्या प्रतीला शिवलेली पुठ्ठा बांधणी आणि स्कॅनिंगला जाणारी प्रत नुसती बाइंडर क्लिप लावून, असे तीन प्रकार मी एकाच दिवशी एकाच मजकुराचे तयार करते. स्कॅन होणारी प्रत बांधूच नये. जी बांधली जाते ती पलीकडे कोणीतरी कात्रीने फाडून काढतं, आणि मग स्कॅनरमध्ये फाटक्या कडांची पानं अडकतात.

जाडी आणि वजन

पर्याय बघण्याआधी गठ्ठा मोजा. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे १०० कागदांचा गठ्ठा १० मिलिमीटर आणि ५०० कागदांचं अख्खं रीम जवळजवळ ५० मिलिमीटर. इथे कागद मोजायचे, पानं नाहीत. पाठपोट छापलेला २०० पानांचा अहवाल म्हणजे १०० कागद. फोनवर ‘दोनशे पानं आहेत’ एवढंच सांगितलं, तर समोरचा माणूस दुप्पट जाडीची तार काढून बसतो. वेगळा कागद वापरणार असाल तर त्याच कागदाची चळत पट्टीने मोजा. चकचकीत आर्ट पेपर त्याच वजनाच्या साध्या कागदापेक्षा पातळ भरतो, त्यामुळे नुसता जीएसएम बघून काढलेला अंदाज चुकतो.

वजनाचा हिशोबही सोपा आहे. ए-० आकाराचा कागद म्हणजे एक चौरस मीटर, आणि ए-४ हा त्याचा सोळावा भाग. ८० भागिले १६ म्हणजे एक ए-४ कागद ५ ग्रॅमचा. ३०० कागदांचा खंड दीड किलोचा झाला. दीड किलोचं बाड एका हातात धरून दुसऱ्या हाताने पान उलटता येत नाही, आणि वायर असो की कॉइल, तिच्यावर सगळा भार टांगलेला राहतो. मी साधारण २०० कागदांच्या पुढे गेलं की दोन खंड करायला सांगते. लोकांना वाटतं, जाड खंड भारदस्त दिसतो. वाचणाऱ्याला मात्र तो नकोसा होतो.

वायरो, स्पायरल, कॉम्ब

ऑफिसातल्या कामाचा मोठा भाग या तिघांत निघतो, म्हणून इथे जरा थांबते.

दुहेरी तारेचं बाइंडिंग, म्हणजे वायरो, मला सगळ्यांत आवडतं. पान पूर्ण उलटून मागे जातं, दोन्ही पानं एका रेषेत राहतात, टेबलावर सपाट पडतं. पण त्यात एक मेख आहे. १४.३ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या तारेला इंचाला तीन छिद्रं लागतात, ए-४ च्या लांब कडेवर ३४. त्यापुढे, १६ मिलिमीटरपासून, इंचाला दोन छिद्रं, म्हणजे २३. लहान तारेत साधारण १२० कागद मावतात. आता समजा अहवाल ११५ कागदांचा आहे, सगळ्या प्रती पंच करून झाल्या, आणि साहेबांनी संध्याकाळी २० कागदांचं परिशिष्ट जोडलं. आता मोठी तार लागणार, आणि तिची छिद्रं या छिद्रांशी जुळणारच नाहीत. सगळं पुन्हा छापायचं. म्हणून १०० ते १३० कागदांच्या मधला अहवाल असेल, तर शेवटचं परिशिष्ट हातात आल्याशिवाय मी पंचिंग मशीनला हात लावत नाही.

तारेचा व्यास गठ्ठ्याच्या जाडीपेक्षा २-३ मिलिमीटर जास्त घ्यायचा. जाडी मोजताना वरचं प्लास्टिक आणि मागचं कार्डही त्यात धरायचं. पंच करताना मशीनच्या क्षमतेइतके कागद एका वेळी घालू नका, दोन-चार कमीच घाला. आधी गठ्ठा दोन्ही कडांनी टेबलावर ठोकून सारखा करा. आणि खरा कागद घालण्याआधी एक कोरा कागद पंच करून त्याची वरची-खालची टोकं बघा. शेवटचं छिद्र कडेवर अर्धवट कापलं गेलं असेल, तर बाजूचा गाइड सरकवायला हवा किंवा त्या टोकाची पिन बाहेर ओढून बंद करायला हवी. पान फाटायला सुरुवात त्या अर्ध्या छिद्रातूनच होते.

तार बंद करणं हा खरा हाताचा भाग. उघडी तार बाजूने बघितली की इंग्रजी सी अक्षरासारखी दिसते: एका बाजूला निमुळती टोकं, दुसऱ्या बाजूला जोड-वेढे. बंद केल्यावर ही टोकं वेढ्यांच्या आत जाऊन बसली पाहिजेत. कमी दाबलं तर फट राहते आणि पहिलं पान तिथून निसटतं. जास्त दाबलं तर गोल चपटा होतो आणि पानं वळताना अडकतात. मी त्याच व्यासाचा तारेचा उरलेला तुकडा आधी दाबून बघते आणि मशीनचा अडसर तिथे पक्का करते. मग पहिली प्रत बंद झाली, की एक कागद घेऊन त्याचा कोपरा जोडाच्या फटीत घालून बघायचा. कोपरा आत शिरला तर अजून किंचित दाब हवा.

हा जोड मलपृष्ठावर दिसला तर काम ओबडधोबड वाटतं. तो लपवायची रीत अशी: तार घालताना मलपृष्ठ शेवटी ठेवायचं नाही. ते मुखपृष्ठाच्या वर ठेवायचं, त्याची बाहेरची बाजू मुखपृष्ठाकडे तोंड करून. तार बंद केली, की मलपृष्ठ उलटवून पूर्ण फिरवून मागे न्यायचं. आता जोड शेवटचं पान आणि मलपृष्ठ यांच्या मध्ये जाऊन बसतो. एवढ्याशा गोष्टीने कामात सफाई दिसते.

वायरोचा दोष एकच, पण मोठा. तार दबली की दबलीच. बॅगेत लॅपटॉपखाली चेपली, कुरिअरच्या गठ्ठ्यात तळाला गेली, की वेढे वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. पाठवायच्या प्रतींना म्हणूनच मी प्लास्टिक कॉइल सुचवते, जिला सगळे नुसतं स्पायरल म्हणतात. ती चेपते आणि परत फुगते. तिला साधारण इंचाला चार छिद्रं असतात आणि दोन्ही टोकं पकडीने कापून आत वळवायची असतात. ते टोक नीट वळवलं नाही, तर कॉइल फिरत फिरत बाहेर येते आणि शर्टाच्या बाहीत अडकते. स्पायरलमध्ये पानं चढत्या वळणावर बसलेली असल्यामुळे उघडल्यावर डावं-उजवं पान एकमेकांपासून किंचित वर-खाली दिसतं. नुसता मजकूर असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण दोन पानांवर मिळून पसरलेला आलेख असेल तर रेघ तुटलेली दिसते. तिथे वायरोच हवं. यंत्राशेजारी टांगायच्या मॅन्युअलला मात्र मी डोळे मिटून स्पायरल देते: पुढे-मागे पॉलिप्रॉपिलीनची पाठ, कोपरे गोल कापलेले. तेलकट हाताने, एका हातात पाना धरून उलटायचं ते पुस्तक. ते पूर्ण मागे दुमडलं गेलं पाहिजे आणि जमिनीवर पडलं तरी शाबूत राहिलं पाहिजे.

प्लास्टिक कॉम्बचा काळ गेला असं म्हणतात, मला तसं वाटत नाही. ए-४ ला २१ दातांचा तो पट्टा मशीनवर पुन्हा उघडता येतो, पान काढून दुसरं घालता येतं, तोच कॉम्ब परत वापरता येतो. चर्चेसाठी फिरणारा मसुदा असेल तर याहून सोयीचं काही नाही. कण्यावर, म्हणजे बांधलेल्या कडेवर, नावही छापता येतं, जे वायरो-स्पायरलमध्ये शक्यच नाही. पण पान पूर्ण मागे दुमडत नाही आणि कॉम्ब पडला तर दात तुटतात, म्हणून अंतिम प्रतीला तो वापरू नये.

या तिघांसाठी बांधणीच्या कडेला किमान २० मिलिमीटर समास सोडा. मी २५ सोडते. पाठपोट छपाई असेल तर समास आरशासारखे उलटे लावायचे, म्हणजे डाव्या पानावर मोठा समास उजवीकडे येईल. आडव्या तक्त्याचा माथा प्रत्येक पानावर डाव्या कडेला ठेवायचा. वाचणारा संपूर्ण अहवाल एकदाच फिरवतो आणि तक्ता सुलटा समोर येतो. काही तक्ते एका दिशेने आणि काही दुसऱ्या दिशेने छापलेला अहवाल वाचताना मान आणि मन दोन्ही थकतात.

कागदाची दिशा

ही गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी दाखवते. कागद कारखान्यात तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेला लागतात. एक कागद घ्या, लांबीच्या बाजूने हलका वाकवा, घडी न घालता. मग रुंदीच्या बाजूने वाकवा. ज्या बाजूने कमी विरोध जाणवतो, त्या वाकणीच्या रेषेला समांतर तंतू आहेत. अजून खात्री करायची असेल तर कागदाचा छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळला जातो, ती तंतूंची दिशा.

तंतूंची ही दिशा कण्याला समांतर असली पाहिजे. तशी असली की पान मऊपणे पडतं. आडवी असली की पानं ताठ उभी राहतात, पुस्तक आपोआप मिटतं, आणि डिंकाने बांधलेलं असेल तर कण्यापाशी लाटा पडतात. फोटोकॉपीच्या ए-४ कागदात दिशा बहुधा लांबीच्या बाजूने असते, त्यामुळे उभ्या अहवालाला अडचण येत नाही. अडचण येते ती आडव्या अहवालाला, जो आखूड कडेवर बांधला जातो. तिथे डिंकाची बांधणी टाळून वायरो किंवा स्पायरल करा. तारेत पान कागदाच्या वाकण्यावर अवलंबून नसतं, ते छिद्रावर फिरतं.

डिंकाची बांधणी

थर्मल बाइंडिंगची कव्हरं तयार मिळतात, कण्याच्या आत सुकलेला गोंद असतो. पानं आत ठेवायची, मशीनमध्ये उभं करायचं, गोंद वितळतो, गार होतो, झालं. दिसायला नीटस आणि कामाला झटपट. दोन गोष्टी सांभाळा. कव्हरचा कणा गठ्ठ्याच्या जाडीचाच घ्या; मोठा घेतला तर कडेची पानं गोंदात नीट बसत नाहीत. आणि मशीनमधून काढल्या काढल्या कणा टेबलावर हलका ठोकून प्रत उभीच गार होऊ द्या. गरम असतानाच कौतुकाने उघडून बघितली की पुढची दोन-तीन पानं हातात येतात. एखादं पान सुटलंच तर प्रत पुन्हा गरम करून बसवता येते, हा याचा मोठा गुण.

परफेक्ट बाइंडिंग म्हणजे छापखान्यातला मोठा भाऊ: कणा खरवडून त्यावर गरम गोंद, वर जाड कागदाचं कव्हर, मग तीन बाजूंनी कटिंग. कणा किमान ३ मिलिमीटर तरी भरला पाहिजे, नाहीतर गोंदाला धरायला जागाच उरत नाही. कण्यावर नाव छापायचं असेल तर त्याहून जास्त. इथे छापखान्याला एक प्रश्न जरूर विचारा: गोंद ईव्हीए आहे की पीयूआर? ईव्हीए स्वस्त आणि लगेच घट्ट होणारा, पण थंडीत ठिसूळ होतो आणि उन्हात उभ्या गाडीत मऊ पडतो. पीयूआर हवेतल्या ओलाव्याशी प्रक्रिया होऊन पक्का होतो, त्याला साधारण एक दिवस द्यावा लागतो, पण नंतर तो लवचीक राहतो आणि चकचकीत कागदालाही धरतो. आर्ट पेपरवर छापलेला रंगीत अहवाल ईव्हीएने बांधून घेऊ नका. आर्ट पेपरच्या लेपामुळे गोंद तंतूंपर्यंत पोचत नाही आणि पानं एकेक करून गळायला लागतात. वार्षिक अहवाल सभेच्या आदल्या रात्री छापून हवा असेल तर पीयूआरला वेळच मिळत नाही, म्हणून वेळापत्रकातच तो एक दिवस धरून ठेवा.

या दोन्ही प्रकारांत पुस्तक सपाट पडत नाही, म्हणून आतला समास मोठा ठेवा. बोटाने दाबून धरत वाचावं लागेल असा मजकूर, म्हणजे कृतीच्या सूचना, तपासणीच्या याद्या, भरायचे तक्ते, त्यात घालू नका. सलग वाचायचं आणि कपाटात ठेवायचं, एवढ्याच कामाला ही बांधणी चांगली.

पारदर्शक कव्हरांबद्दल इथेच सांगते. पीव्हीसीचं कव्हर लेझर प्रिंटवर महिनोन्महिने दाबून राहिलं, की टोनर त्याला चिकटतो. प्लास्टिक मऊ ठेवणारा घटक हळूहळू बाहेर येतो आणि अक्षरं कव्हरवर उमटतात, कागदावरून उचललीही जातात. जपून ठेवायच्या प्रतीला पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर कव्हर मागा.

शिवलेली बांधणी

दहा-वीस वर्षं टिकायला हवं असेल, तर दोरा लागतो. चांगल्या जुजबंदीत मोठे कागद दुमडून फॉर्म केलेले असतात, बहुधा सोळा पानांचे, आणि प्रत्येक फॉर्म घडीतून शिवून पुढच्याशी जोडलेला असतो. पुस्तक उघडतं छान, पान निसटत नाही. पण ऑफिसातून येणारं बाड सुट्या ए-४ कागदांचं असतं, त्याला घडीच नसते. मग बाइंडर कडेपासून थोडं आत दाभणाने भोकं पाडतो आणि आरपार शिवतो. ही शिलाई अतिशय मजबूत, पण ती समासातला चांगला सेंटिमीटरभर खाते आणि पान त्या शिलाईपर्यंतच उघडतं. अशा खंडासाठी डावा समास ३८ ते ४० मिलिमीटर ठेवा.

सुट्या कागदांसाठी तिसरी वाट आहे आणि चांगला बाइंडर ती आनंदाने करून देतो: गठ्ठा शिकंज्यात धरून कणा एका बाजूला पंख्यासारखा पसरवायचा, पांढरा पीव्हीए गोंद ब्रशने लावायचा, मग दुसऱ्या बाजूला पसरवून पुन्हा लावायचा. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंना कडेपाशी गोंदाची केसाएवढी रेघ लागते आणि कागद शेजाऱ्याला चिकटतो. वर विरळ विणीच्या कापडाची पट्टी, मग पुठ्ठा. ही बांधणी समास खात नाही आणि बरीचशी सपाट उघडते. घाई करू नका एवढंच. पुठ्ठ्यावर अस्तराचा कागद चिकटवल्यावर खंड वजनाखाली रात्रभर तरी राहिला पाहिजे. ओला असताना काढला की पुठ्ठा वाकतो आणि तो बाक परत जात नाही. कायमच्या दप्तरासाठी छापायचा कागदही तसाच निवडा. टिकाऊ कागदाचं आयएसओ ९७०६ हे प्रमाण आहे, कागदाच्या वेष्टनावर त्याचा उल्लेख शोधा.

बदलणारी पानं

ज्या दस्तऐवजाला पुरवण्या आणि सुधारणा येत राहणार आहेत, त्याला रिंग बाइंडर सोडून दुसरं काही देऊ नका. विमानांच्या देखभालीची पुस्तिका वर्षानुवर्षं सुट्या पानांची असायची ती याच कारणाने. प्रत्येक पानावर सुधारणा क्रमांक आणि तारीख, आणि सुरुवातीला लागू असलेल्या पानांची यादी. ती यादी नसेल तर बाइंडरमध्ये कोणतं पान जुनं राहून गेलंय हे कोणालाच कळत नाही. म्हणून यादीशिवाय मी रिंग बाइंडर देतच नाही. दोन छिद्रांचं आंतरराष्ट्रीय माप आयएसओ ८३८ मध्ये ठरलेलं आहे: छिद्रांच्या मध्यांत ८० मिलिमीटर अंतर, छिद्र ६ मिलिमीटरचं, मध्य कडेपासून १२ मिलिमीटरवर. गोल रिंगपेक्षा डी आकाराची रिंग घ्या. तिच्या सरळ बाजूवर पानं एका ओळीत बसतात आणि मावतातही जास्त. बाइंडर तीन-चतुर्थांशच भरा. ठासून भरला की रिंगची तोंडं जुळत नाहीत आणि पान प्रत्येक वेळी त्या फटीत अडकून फाटतं.

पिन

वीस-पंचवीस कागदांपर्यंतच्या टिपणाला डाव्या कोपऱ्यात एक पिन पुरते. त्याला स्पायरल लावून भपका करू नका. पुस्तिका हवी असेल तर ए-३ कागद दुमडून सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिन. इथे पानं चारच्या पटीतच लागतात, आणि ८० जीएसएममध्ये ६४ पानांच्या, म्हणजे १६ कागदांच्या पुढे मी जात नाही. जाडी वाढली की आतले कागद बाहेर सरकतात, कटिंगमध्ये त्यांचाच बाहेरचा समास कापला जातो, आणि पुस्तिका टेबलावर तोंड उघडून बसते. कव्हर जाड कार्डाचं असेल तर दुमडण्याआधी क्रीज मारून घ्या, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते.

करारनामे

करारनाम्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे सोय दुय्यम आणि पान बदललं तर ते कळणं मुख्य. कॉम्ब, रिंग, स्लाइड पट्टी, हे तिन्ही वर्ज्य, कारण ते कोणाच्याही नकळत उघडून बंद करता येतात. थर्मल बाइंडिंग बरं, पण तेही तापवून उघडता येतं. आरपार दोरा ओवून, त्याची गाठ मागे आणून तिच्यावर कागदी सील चिकटवून सही-शिक्का, ही जुनी रीत अजूनही सगळ्यांत भरवशाची. सोबत प्रत्येक पानावर ‘पान ७, एकूण ४२’ असा क्रमांक आणि दोन्ही पक्षांची छोटी सही. एका व्यवहारात आमच्याकडे परत आलेल्या प्रतीतला एक कागद बाकीच्यांपेक्षा पांढरा होता. पानावर छोटी सही होती म्हणून जुन्या प्रतीशी ताडून बघता आलं. बाइंडिंगने पान बदलणं अवघड होतं. बदललं गेलंच, तर ते पकडायला ही सहीच उपयोगी पडते.

घडीचे नकाशे

ए-४ अहवालात ए-३ आराखडे असले की सगळं गणित बदलतं. आराखडा झेड आकारात दुमडा आणि बाहेरची घडी अहवालाच्या कडेपासून किमान १० मिलिमीटर आत ठेवा. परफेक्ट बाइंडिंगमध्ये शेवटी बाहेरची कड कापली जाते, घडी तिथपर्यंत आली असेल तर सुरी तीच कापते आणि आराखड्याचे दोन तुकडे होतात. तारेच्या बाइंडिंगमध्ये आतली घडी पंचाखाली येणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर आराखडा उघडल्यावर मधोमध छिद्रांची रांग दिसते. घड्यांमुळे गठ्ठा बाहेरच्या बाजूला फुगतो. पाच-सातच्या वर आराखडे असतील तर प्रत्येकाजवळ कण्याच्या बाजूला दोन बोटं रुंदीची कोऱ्या कागदाची पट्टी घाला, म्हणजे जाडी दोन्हीकडे सारखी होते आणि खंड पाचरीसारखा दिसत नाही.

काम बाहेर द्यायचं असेल तर

तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या: कागदांची संख्या, एकबाजू की पाठपोट, जीएसएम, कोणत्या कडेवर बांधायचं, बाइंडिंगचा प्रकार, तारेचा व्यास किंवा कण्याची जाडी, कव्हरचं साहित्य, किती प्रती. कण्यावर नाव असेल तर ते वरून खाली वाचायचं की खालून वर, तेही लिहा. वरून खाली असलं की खंड आडवा, मुखपृष्ठ वर ठेवून पडला असताना नाव सुलटं वाचता येतं, म्हणून मी तसंच ठेवते. आणि तेवढ्याच जाडीच्या कोऱ्या कागदांचा एक डमी आधी बांधून मागा. तो टेबलावर उघडून ठेवा, हात काढून घ्या, पानं कुठपर्यंत पडतात ते बघा. मग तुमच्या मजकुराचं एक छापील पान त्यात मधोमध सरकवा आणि ओळीचं पहिलं अक्षर मान न वाकवता दिसतंय का ते तपासा. दिसत नसेल तर समास वाढवून मगच छपाईला सोडा.